कैफियतीत दिलेली कबुली मागे घेता येते का?

प्रश्न : २०२२ साली द्राक्षबागेसाठी मावसभावाकडून ४ लाख रुपये हातउसने घेतले. त्याने दावा लावला. भाऊच आहे, हप्ते बांधून देईल, म्हणून मी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) ‘रक्कम घेतली, देणे मान्य’ असं लिहून दिलं. आता पासबुकात दीड लाख त्याला चेकने गेल्याची नोंद सापडली. तो म्हणतो, ‘कबुली दिलीस, आता लगेच निकाल घेतो.’ कबुली मागे घेता येईल का?
— एक बागायतदार, ता. तासगाव

उत्तर : आधी बँकेतून शिक्क्यासह खातेउतारा आणा. पासबुकाच्या झेरॉक्सवर भागत नाही.

भाऊ म्हणतो ते अगदीच खोटं नाही. कैफियतीत कबूल केलेली गोष्ट त्याला वेगळी शाबीत करावी लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १२ रूल ६ खाली तो तेवढ्यावर हुकूमनामाही, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेशही, मागू शकतो. द्यायचा की नाही हे न्यायाधीशांच्या अखत्यारीत. कबुली गोलमोल असली तर सहसा देत नाहीत. तुमची गोलमोल नाही, हीच पंचाईत.

म्हणून त्याच्या आधी ऑर्डर ६ रूल १७ खाली कैफियत दुरुस्तीचा अर्ज द्या. त्यात ‘कबुली रद्द करावी’ असं मात्र लिहू नका. १९७६ च्या मोदी स्पिनिंग खटल्यात मिलला कबुलीची कलमं काढून वेगळीच हकिकत घालायची होती. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पंचदेव नारायण श्रीवास्तव खटल्यात भावाच्या नात्याच्या कबुलीतला ‘सहोदर’ (एकाच आईच्या पोटचा) एवढाच शब्द वगळायचा होता. तिथे परवानगी मिळाली, आणि कबुली मागे घेता येते, तिचा खुलासाही करता येतो, असं न्यायालयाने म्हटलं.

तुम्ही खुलाशाची वाट धरा : ‘४ लाख घेतले हे खरे, पैकी दीड लाख अमुक तारखेच्या चेकने फेडले, ते लिहायचे राहिले.’ अडीच लाखांचं देणं तसंच उभं राहतं, त्यामुळे अर्जाला लबाडीचा वास येत नाही.

साक्षीपुरावा सुरू झाला असेल, तर पुरेशी काळजी घेऊनही ही नोंद आधी का दिसली नाही, ते पटवावं लागेल. ‘वकिलांनी परस्पर लिहिलं’ हे कारण नको. बत्तीस वर्षं ऐकतेय मी ते. सत्यापनाखाली, म्हणजे ‘वरील मजकूर खरा आहे’ या ओळीखाली, सही अशिलाचीच असते.

भाऊ म्हणेल, तो चेक औषधांच्या उधारीचा होता. त्या दिवसांतले व्हॉट्सॲपचे मेसेज बघा. ‘दीड पोचले’ असं काही सापडलं, तर दाव्याचा निकाल लागेपर्यंत फोन बदलू नका.