पगार घटला, हप्ते तेवढेच: आधी कुणाचं भरायचं?

कुपवाडच्या एका जोडप्याने आमच्याकडे सल्ल्याला येऊन विचारलेला प्रश्न असा होता: "ओव्हरटाइम बंद झाला, पगार साडेसात हजारांनी घटला. हप्ते मात्र तेवढेच आहेत. घरातलं सोनं ठेवून आणखी एक कर्ज काढावं आणि सगळे हप्ते एकदा सुरळीत करावेत का?" सांगली-मिरज पट्ट्यात हा प्रश्न वारंवार येतो. मशीन शॉप किंवा फाउंड्रीतल्या कामगाराचा घरखर्च मूळ पगारावर बेतलेला नसतो, तो ओव्हरटाइमवर बेतलेला असतो. ऑर्डरी कमी झाल्या की पहिली कुऱ्हाड ओव्हरटाइमवरच पडते. (ओळख पटू नये म्हणून या हकिगतीतले तपशील बदलले आहेत.)

घरात पाच माणसं: नवरा-बायको, सातवी आणि चौथीतली दोन मुलं, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाई. दादा, म्हणजे नवरा, कंत्राटी सीएनसी ऑपरेटर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरचा कामगार). पूर्वी हातात २२,५०० यायचे, आता १५,०००. वहिनी ब्लाउज आणि फॉल-पिको करून महिन्याला दोनेक हजार मिळवतात. म्हणजे घराची मिळकत २४,५०० वरून १७,००० वर आली.

वहिनींनी येताना शाळेची दोनशे पानी वही आणली होती. प्रत्येक कर्जाला एक पान. पतसंस्थेचा हप्ता ३,२००, बचत गटाच्या मायक्रोफायनान्सचा २,३५०, मोटरसायकलचा २,६८०, मोबाइलचा १,४५०. शेवटच्या पानावर नाव न लिहिता नुसतं '२०' आणि खाली दर महिन्याला '१'. हे खासगी सावकाराचे २०,०००, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. मुद्दल जागचं हललेलं नव्हतं. सगळं मिळून महिन्याला १०,६८०. शिवाय किराणा दुकानाच्या वहीत ६,८०० बाकी.

आता हप्ते ते कोणत्या क्रमाने भरत होते ते पाहा. आधी मोबाइलचा, कारण फायनान्सवाल्यांचे दिवसातून दहा-दहा फोन. मग सावकाराचा हजार, कारण तो दारात येऊन उभा राहतो. मग गट, कारण बाकीच्या बायका समोर असतात. पतसंस्थेचा हप्ता मात्र एक चुकलेला, कारण तिकडून कुणी काहीच बोललं नव्हतं.

जो जास्त ओरडतो त्याला आधी, ही रांग जवळजवळ प्रत्येक घरात दिसते आणि नुकसान तिथेच होतं. रांग परिणामावर लावायची. दोनच प्रश्न विचारायचे: हे थकलं तर नेमकं काय जाईल, आणि हे शिल्लक ठेवलं तर व्याज किती चढेल?

त्या हिशेबाने पतसंस्था सगळ्यात वर येते. तिथे दोन जामीनदार होते, एक मामेभाऊ आणि एक कामावरचा सोबती. पतसंस्था फोन करत बसत नाही. थकबाकी वाढली की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, आणि मग वसुली जामीनदाराच्या पगारापर्यंतही पोहोचू शकते. पहिली नोटीस ज्या दिवशी मामेभावाच्या घरी जाते, त्या दिवशी पैशाआधी नातं जातं. याउलट मोबाइलच्या हप्त्यामागे ना जामीन, ना तारण. तो थकला तर दंड लागेल, क्रेडिट रिपोर्ट (कर्जफेडीची नोंद) बिघडेल. नुकसानच आहे, पण दुसऱ्याच्या घरावर येणारं नाही.

फोनच्या भीतीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण माणसं त्या भीतीपोटीच चुकीचा हप्ता आधी भरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. मायक्रोफायनान्ससाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. शिवीगाळ करायला, नातेवाइकांना फोन लावायला मनाई आहे. असं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवायची आणि आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठीचा क्रमांक १४४४८.

मग खर्च. हप्ते सोडून घराला १५,४०० लागत होते. म्हणजे ओव्हरटाइम चालू होता तेव्हाही, सावकाराचं व्याज न धरता, महिन्याला पाच-सहाशे कमीच पडत होते. सावकार आणि किराण्याची वही त्यातूनच आली. दुधाला आणि भाजीला हात लावायचा नाही हे आधीच ठरवलं. वाढत्या मुलांच्या ताटातून हप्ता भरणं आम्हाला मान्य नाही, आणि तिथे फार वाचतही नाही.

किराणा ३,३०० वरून २,७०० वर आला, तो खाणं कमी करून नव्हे, वही बंद करून. उधारीत भाव विचारला जात नाही, 'दोन बिस्किटपुडे लिहून ठेवा' म्हणत मुलंही सामान आणतात. आता पगार झाला की यादी करून गणपती पेठेतून महिन्याचं सामान रोखीने. वर्षाचं धान्य एकदम भरायची आपल्याकडची रीत चांगली आहे, पण उसने पैसे काढून बेगमी करू नये. व्याजात भावातली बचत निघून जाते.

विजेचं बिल ८५० होतं. दोन किलोवॉटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला ३०. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरचा टप्पा बराच महाग आहे, आणि या घरात ही ३० युनिटं नेमकी त्याच टप्प्यात पडत होती. अंघोळीचं पाणी दुसऱ्या सोयीने तापवायला लागल्यावर अडीचशे वाचले. सासूबाईंच्या गोळ्या डॉक्टरांकडून मूळ औषधाच्या नावाने लिहून घेऊन जनऔषधी केंद्रातून आणल्या, तिथे चारशे. दोन फोनांवर इंटरनेटशिवाय फक्त बोलण्याचं रिचार्ज, तीनशे. मोठ्या मुलीचा शाळेचा रिक्षा बंद, ती मैत्रिणींसोबत चालत जाते: सहाशे. पेट्रोलमध्ये पाचशे.

विम्याच्या ७०० रुपयांच्या हप्त्यावर घरात वाद झाला. सहा वर्षं भरलेली एंडोमेंट (मुदतीला पैसे परत देणारी) पॉलिसी मोडली तर भरलेल्यापेक्षा कमी हातात येत होतं. त्यामुळे मोडायची नाही, 'पेड-अप' करायची. हप्ता थांबतो, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते, पैसे मुदतीला मिळतात. पण कमावता एकच असताना संरक्षण कमी करून चालत नाही. म्हणून बँक खात्यातूनच प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा (वर्षाला ४३६ रुपये, दोन लाख) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, अपघाती दोन लाख) सुरू केले. मे अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक हवी, नाहीतर संरक्षण गुपचूप तुटतं.

एवढं सगळं करून वाचले ३,३५०. सणवार, आहेर, वह्या-पुस्तकं यासाठी दरमहा ५०० बाजूला काढले. हे न काढल्यामुळेच बहुतेक बजेटं गौरी-गणपतीत कोसळतात. उरले १२,५५०. म्हणजे कर्जासाठी हातात ४,४५०, आणि द्यायचे १०,६८०.

काटकसरीने कर्ज फिटेल, ही समजूत इथे मोडते. खर्च कितीही आवळला तरी सहा हजारांचा खड्डा भरत नव्हता. कर्जाचीच रचना बदलावी लागणार होती.

सोनं ठेवू का, हा मूळ प्रश्न. वाढीव पगार कधी परत येईल याचा भरवसा नसताना सोनं ठेवून कर्ज काढणं म्हणजे व्याज भरत भरत सोनं विकणं. वर्षाने सोडवायला पैसे नसतात आणि लिलावाची नोटीस येते. अशा वेळी एखादा छोटा डाग सरळ विकलेला बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मंगळसूत्र आणि पाटल्यांना हात न लावता वहिनींनी पाच ग्रॅमचं वेढणं निवडलं. निवड योग्य होती: साध्या दागिन्यात खडे-मीना यांची वजावट नसते. दोन पेढ्यांवर वजन आणि भाव विचारून विकलं, ५२,००० आले.

त्यातून आधी सावकार. महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या माणसाला बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, आणि परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. या घराने तक्रारीपेक्षा मोकळं होणं पसंत केलं. २१,००० बँकेतून पाठवले, 'सर्व रक्कम पोहोचली' असं लिहून सही घेतली. दिलेल्या दोन कोऱ्या चेकपैकी एक परत मिळाला, दुसरा 'सापडत नाही' म्हणाले. त्याच दिवशी बँकेत त्या चेकच्या क्रमांकासह 'स्टॉप पेमेंट'चा, म्हणजे तो चेक वटवू नका असा, अर्ज देऊन पोच घेतली. हे राहून गेलं तर दोन वर्षांनी तोच चेक समोर येऊ शकतो.

मोबाइलचे उरलेले सहा हप्ते (८,७००), किराण्याची बाकी (६,८००) आणि पतसंस्थेचा चुकलेला हप्ता (३,२००) भरून १२,३०० उरले. ते हप्त्यांत घालायचे नाहीत असं ठरलं. एका महिन्याचा घरखर्च हाताशी नसला की पहिल्याच तापाला पुन्हा सावकाराचं दार. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली, तर हे पैसे मोजण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) रेशनकार्ड-आधार दाखवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करायची, हेही त्याच पानावर लिहून घेतलं.

सगळ्यात जड गेलं ते मोटरसायकलचं. दादा दोन भेटींत या विषयावर बोललेच नाहीत. "सायकलवरून कामावर गेलो तर गेटवरची पोरं काय म्हणतील?" हे तिसऱ्या भेटीत निघालं. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाडी ही त्यांची वीस वर्षांच्या कष्टाची ओळख होती. तोडगा सासूबाईंनी काढला. त्या म्हणाल्या, "गाडी परत येईल रे, मामाच्या पोराच्या दारात नोटीस गेली तर तो परत येणार नाही." कारखाना घरापासून तीन किलोमीटर.

यात एक चूक सर्रास होते: ओळखीच्याला गाडी द्यायची आणि 'पुढचे हप्ते तू भर' म्हणायचं. कर्ज आणि आरसी दोन्ही तुमच्याच नावावर राहतात. त्याने हप्ता थकवला किंवा अपघात केला, तर कागद तुमच्या दारात येतात. रीत अशी: फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं लेखी पत्र घ्यायचं, त्यात दंड-शुल्क वेगळं दाखवलेलं असावं. गिऱ्हाइकाचे पैसे थेट त्या कर्जखात्यात भरायला लावायचे, ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्यायचा, आरसीवरचा बोजा उतरवायचा, आणि फॉर्म २९-३० वर सही करून आरटीओत नाव बदलल्याची खात्री करायची. ५२,००० ला गाडी गेली, २७,५०० कर्जात, ४,५०० ची जुनी सायकल. २०,००० उरले.

हे पैसे पतसंस्थेत, पण आधी व्याजाची रीत समजून घेऊन. ६०,००० चं कर्ज '१४ टक्के'ने २४ महिन्यांसाठी होतं. सरळ दराने व्याज १६,८००, म्हणून हप्ता ३,२००. प्रत्यक्षात मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, त्यामुळे खरा दर जवळपास २५ टक्के पडतो. सरळ दराच्या कर्जात मधेच मोठी रक्कम भरली तरी व्याज कमी होईलच असं नाही. म्हणून भरण्याआधी शाखाधिकाऱ्यांना अर्ज दिला: पगार घटल्याचं कारण, सोबत तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आणि मागणी एकच. २०,००० एकरकमी घ्या, उरलेलं मुद्दल घटत्या शिलकीवर धरा, मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा. मुदत तीच ठेवायची हे लिहिलं नाही, तर बरेचदा हप्ता तोच राहतो आणि मुदत घटते. ते एरवी फायद्याचं, पण या घराला आत्ता दर महिन्याचा श्वास हवा होता. जामीनदारांनाही सोबत नेलं, त्यांच्यापासून काही लपवलं नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत मंजुरी मिळाली आणि हप्ता १,९७० वर आला.

गटाचा हप्ता आहे तसा ठेवला. मात्र तिथे लगेच 'टॉप-अप' देऊ केला गेला: जुनं कर्ज फेडून नवं मोठं घ्या. घटलेल्या मिळकतीत याला ठाम नकार द्यायचा. कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, ही मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचीच मर्यादा आहे. मिळकत खरी सांगितली तर बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो.

गाडीबरोबर पेट्रोलही गेलं. एसटी-रिक्षाला ३०० धरून घरखर्च १२,१५० वर आला. हप्ते ४,३२०. म्हणजे १७,००० मध्ये महिना बसतो आणि ५३० उरतात. बसतो म्हणजे ओढून-ताणून बसतो. दुसऱ्याच महिन्यात पगार १० तारखेला झाला आणि पतसंस्थेचा हप्ता ५ ला कापायला आला, तेव्हा शिल्लक नसल्याने दंड लागला. हप्त्याची तारीख १२ करून घेतल्यावर ते थांबलं. हा बदल अर्ज देऊन होतो, तो पहिल्याच आठवड्यात करावा.

सध्या वहीत दोनच कर्जपानं चालू आहेत. मोबाइल आणि गाडीचे बाकी-नसल्याचे दाखले प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आहेत. पुढच्या भेटीत क्रेडिट रिपोर्ट काढून (वर्षातून एकदा तो फुकट मिळतो) दोन्ही कर्जं 'बंद' दिसतात का ते बघायचं आहे. 'सेटल्ड' (म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेलं) दिसलं, तर दाखल्यासह दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल.