वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या खेड्यात राहताना

इंग्लंडच्या खेड्यांत राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा या वेळी जाड आहे. तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी बहुतेकांची गाडी एकाच जागी अडली आहे : अर्ज चुकीच्या टेबलावर गेला, किंवा योग्य टेबलावर गेला पण मुदत उलटल्यावर.

गावच्या रस्त्याला खड्डे पडलेत. पॅरिश काउन्सिलला तीनदा ईमेल केली, 'पुढे कळवले आहे' एवढेच उत्तर येते. मग काउन्सिल टॅक्स भरायचा कशाला?
— एक वाचक, लिंकनशायर

पॅरिश काउन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायत, असे धरून चालणारे इथेच फसतात. रस्ता तिच्या ताब्यात नसतो. तुमच्याकडे सध्या तीन थर आहेत. रस्ते, शाळा आणि वृद्धांची देखभाल काउंटीकडे. कचरा, बांधकाम परवानगी आणि काउन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीची, वसुली डिस्ट्रिक्टकडे. खेळाचे मैदान, बाकडी, दफनभूमी, बसथांब्याचा आडोसा, भाजीपाल्याचे अॅलॉटमेंट असली कामे पॅरिशकडे. कॉर्नवॉल, विल्टशायर, नॉर्थ यॉर्कशायर इथे वरचे दोन थर एकच आहेत, त्याला युनिटरी म्हणतात. मोटरवे आणि मुख्य 'ए' रस्ते नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे. तुमच्या क्लार्कने, म्हणजे पॅरिशच्या पगारी सचिवाने, तक्रार पुढे पाठवली यात चूक काही नाही, फक्त वेळ तुमचा गेला.

तक्रार थेट काउंटीच्या संकेतस्थळावर किंवा फिक्समायस्ट्रीट या तक्रारींच्या संकेतस्थळावर नोंदवा. 'चर्चजवळ मोठा खड्डा' असे लिहू नका. रस्त्याचे नाव, कोणत्या घरासमोर, कोणत्या बाजूच्या लेनमध्ये, कडेपासून किती अंतरावर, अंदाजे लांबी-रुंदी-खोली हे सगळे लिहा. फोटो दोन हवेत : एक दुरून, मागची ओळखीची खूण दिसेल असा, दुसरा जवळून, खोलीचा अंदाज येईल असा. अनेक काउंट्या सुमारे ४० मिलिमीटर खोलीपासून खड्डा दुरुस्तीलायक धरतात, पण रस्ता किती वर्दळीचा आहे त्यावरही मुदत ठरते. मोजण्यासाठी चालू रस्त्यात वाकून उभे राहू नका. संदर्भ क्रमांक मिळेल तो जपून ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर चालते.

टायर फुटला, रिम वाकली, तर भरपाईचा दावा करता येतो. पण इथे एक मेख आहे. १९८० च्या हायवेज अॅक्टच्या कलम ४१ ने रस्ता नीट राखायची जबाबदारी काउंटीवर टाकली, आणि कलम ५८ ने तिला बचावही दिला : ठरल्याप्रमाणे वाजवी तपासणी होत होती आणि खड्ड्याची माहिती नव्हती, असे दाखवता आले की दावा बहुधा पडतो. म्हणजे तुमची गाडी त्यात जाण्याआधी कुणी शेजाऱ्याने केलेली नोंद तुमच्या बिलाइतकी मोलाची असते. दावा लावण्याआधी माहिती अधिकाराच्या कायद्याखाली त्या रस्त्याच्या तपासणीच्या तारखा आणि आधीच्या तक्रारी मागवा. उत्तराला कामाचे २० दिवस लागू शकतात.

काउन्सिल टॅक्सच्या बिलात पॅरिशचा आकडा एकदम ५० टक्क्यांनी वाढला. याला काही मर्यादा नाही का?
— एक वाचक, डेव्हन

टक्क्यांनी घाबरू नका, पौंड बघा. पॅरिश आपल्या वर्षाच्या खर्चासाठी मागते त्या रकमेला प्रिसेप्ट म्हणतात. टॅक्ससाठी घरांचे किमतीनुसार ए ते एच असे गट, म्हणजे बँड, असतात. प्रिसेप्टला गावाच्या 'टॅक्स बेस'ने, म्हणजे बँड डी च्या हिशेबात धरलेल्या घरांच्या संख्येने, भागतात. समजा प्रिसेप्ट २४,००० पौंड आणि टॅक्स बेस ४०० : बँड डी ला वर्षाचे ६० पौंड. तोच ३६,००० झाला की ९० पौंड. वाढ ५० टक्के, पण घरामागे वर्षाला ३० पौंड. बँड बी ला या ९० पौंडांचा ७/९ म्हणजे ७० पौंड येतील, बँड एच ला दुप्पट म्हणजे १८०.

मर्यादेचे म्हणाल तर काउंटी आणि डिस्ट्रिक्टला ठरावीक टक्क्यांपलीकडे जायला सार्वमत घ्यावे लागते. पॅरिशवर आजवर सरकारने ते बंधन घातलेले नाही. मात्र आकडा साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सभेत ठरतो. मार्चमध्ये बिल हातात पडल्यावर ओरडून उपयोग नाही, नोव्हेंबरची विषयपत्रिका बघायला हवी होती.

आता करण्यासारखी गोष्ट म्हणजे हिशेब बघणे. दरवर्षी कामाचे सलग ३० दिवस वह्या, पावत्या, करार लोकांना पाहायला खुले असतात, आणि त्यात जुलैचे पहिले १० कामाचे दिवस यावेच लागतात. तारखा सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर लावलेल्या असतात. आधी राखीव निधी तपासा. सर्वसाधारण राखीव रक्कम निव्वळ खर्चाच्या ३ ते १२ महिन्यांइतकी असावी, असे मार्गदर्शन आहे. त्याहून बरेच जास्त पडून असेल आणि कशासाठी ते लिहिलेले नसेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे. उलट निधी तळाला गेला असेल, तर वाढ आधीच व्हायला हवी होती आणि मागच्या सदस्यांनी ती लोकप्रियतेसाठी टाळली, असेही निघू शकते. मतदार यादीत नाव असेल तर बाहेरच्या ऑडिटरकडे लेखी हरकतही घेता येते. पण ती चौकशी पॅरिशच्या, म्हणजे तुमच्याच, पैशातून होते. तेव्हा चार पौंडांच्या फुलझाडांसाठी ते अस्त्र काढू नका.

सभेला गेलो, 'इतर विषया'त मुद्दा मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, ठराव मात्र झाला नाही. का?
— एक वाचक, सफोक

कारण विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टीवर निर्णय घेणे कायद्याला धरून नाही. सभेची सूचना मधले पूर्ण तीन दिवस सोडून आधी लावावी लागते; सूचनेचा दिवस, सभेचा दिवस, रविवार आणि बँक हॉलिडे त्यात धरत नाहीत. म्हणजे सोमवारच्या सभेची सूचना उशिरात उशिरा बुधवारी. क्लार्क विषयपत्रिका त्याच्या थोडी आधी बांधतो, म्हणून सभेच्या दहा दिवस आधी ईमेल करा आणि 'चर्चा' न मागता 'निर्णय' मागा : 'मैदानाच्या फाटकाची बिजागरी बदलण्यासाठी अमुक रकमेपर्यंत खर्च मंजूर करणे.' असे वाक्य तयार मिळाले की क्लार्क तेच उचलतो.

सभेला हजर राहण्याचा हक्क १९६० च्या कायद्याने आहे, चित्रीकरणाचा २०१४ पासून. बोलण्याचा हक्क मात्र कायद्यात नाही. तो प्रत्येक काउन्सिलच्या स्वतःच्या नियमांत असतो आणि बहुतेक ठिकाणी माणशी दोन-तीन मिनिटे मिळतात. आपल्या ग्रामसभेच्या जवळ जाणारी गोष्ट वेगळीच आहे : वार्षिक पॅरिश मीटिंग. ती १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान, संध्याकाळी ६ नंतर होते आणि तिथे प्रत्येक मतदाराला बोलता येते, मतही देता येते. सहा मतदार मिळून अशी जादा सभा बोलावू शकतात. तिचा ठराव काउन्सिलवर बंधनकारक नसतो, पण गावासमोर झालेला ठराव केराच्या टोपलीत टाकणे सदस्यांना जड जाते.

शेजारच्या शेतात ४० घरांचा प्रस्ताव आहे. पॅरिश काउन्सिलने विरोध केला. आता निर्धास्त राहावे का?
— एक वाचक, ग्लॉस्टरशायर

मुळीच नाही. पॅरिशचे मत सल्ल्यापुरते, निर्णय डिस्ट्रिक्टचा. तिथे वजन पडते ते नियोजनाशी संबंधित मुद्द्यांना. घराची किंमत उतरेल, खिडकीतला देखावा जाईल, बिल्डर लोभी आहे, काम चालू असताना धूळ उडेल — हे लिहिलेले कागद जवळजवळ वाया जातात. याउलट वाहतुकीची सुरक्षा, पाण्याचा निचरा, ऐतिहासिक इमारतीचा परिसर, झाडे-वन्यजीव, खासगीपणा आणि उजेड हे चालते. तेही मोजून लिहा. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर नवा फाटा काढायचा तर, कडेपासून २.४ मीटर आत उभ्या असलेल्या चालकाला दोन्ही बाजूंना सुमारे ४३ मीटर रस्ता दिसावा, असे डिझाइनचे मार्गदर्शन आहे. नकाशात ते अंतर शेजाऱ्याच्या हेजमधून, म्हणजे झुडपी कुंपणातून, जाते का, हे पट्टी लावून बघा. हेज दुसऱ्याच्या मालकीची असेल तर ती छाटलेली राहील याची हमी बिल्डर देऊ शकत नाही, आणि हा मुद्दा हायवेच्या अधिकाऱ्याला ऐकावाच लागतो. समोरासमोरच्या खिडक्यांत २१ मीटर अंतर हवे, असे अनेक डिस्ट्रिक्टांच्या मार्गदर्शिकेत असते. आपल्या डिस्ट्रिक्टचा आकडा शोधा.

मुदत साधारण २१ दिवसांची. पॅरिशची सभा महिन्यातून एकदा असल्याने ती अनेकदा हुकते. क्लार्कला लगेच मुदतवाढ मागायला सांगा. शंभर जणांनी एकच छापील पत्र पाठवण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे मांडलेले बरे. पत्र नावासकट संकेतस्थळावर चढते, तेव्हा शेजाऱ्याविषयी वावगे काही लिहू नका. तुमच्या डिस्ट्रिक्ट सदस्याला भेटून प्रकरण समितीपुढे 'कॉल इन' करायला सांगा, नाहीतर अधिकारी एकटाच निकाल देतो. त्याचीही मुदत असते.

एक विषमता आधीच माहीत हवी. परवानगी नाकारली तर बिल्डरला अपील आहे. दिली तर तुम्हाला अपील नाही. फक्त कोर्टात न्यायिक पुनर्विलोकन, तेही ६ आठवड्यांत आणि महागडे. घराच्या साध्या वाढीव बांधकामाच्या अपिलात तर शेजाऱ्यांना नव्याने काही मांडताच येत नाही, पहिले पत्रच पुढे जाते.

गावाचा नेबरहूड प्लॅन, म्हणजे गावाने स्वतः केलेला विकास आराखडा, सार्वमताने मंजूर झालेला असेल तर त्यातले कलम क्रमांकासह उद्धृत करा. जिथे बांधकामावर सीआयएल ही पायाभूत सुविधांची आकारणी लागू आहे, तिथे असा प्लॅन असलेल्या पॅरिशला त्यातला २५ टक्के वाटा मिळतो, नसलेल्या पॅरिशला १५.

सार्वजनिक पायवाट (फुटपाथ) जाते त्या शेतात वळू सोडलाय. तक्रार कुणाकडे?
— एक वाचक, डर्बीशायर

आधी जात बघा. दहा महिन्यांवरचा दुधाळ जातीचा वळू — फ्रीजियन, होल्स्टीन, जर्सी, गर्न्सी, एअरशायर, डेअरी शॉर्टहॉर्न, केरी — सार्वजनिक वाट असलेल्या शेतात सोडायला १९८१ च्या कायद्याने बंदी आहे. मांसाच्या जातीचा वळू गाई किंवा कालवडींसोबत असेल तर चालतो, एकटा नाही. तक्रार काउंटीच्या राइट्स ऑफ वे, म्हणजे सार्वजनिक वाटांच्या, विभागाकडे, नकाशावरच्या वाटेच्या क्रमांकासह. नांगरलेल्या वाटेचीही तिथेच : शेतातून आडवी जाणारी वाट पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत किमान १ मीटर रुंद मोकळी करून द्यावी लागते; बांधाच्या कडेची वाट नांगरायचीच नाही. गुरे अंगावर आली तर कुत्र्याची दोरी सोडा. त्यांचा रोख बहुधा कुत्र्यावर असतो, आणि ते तुमच्यापेक्षा वेगाने पळते.

माझा पासपोर्ट भारतीय आहे. पॅरिश काउन्सिलला उभा राहू शकतो का?
— एक वाचक, नॉरफोक

मत देणे आणि उभे राहणे यांचे नियम वेगळे आहेत. भारत राष्ट्रकुलात असल्याने वैध व्हिसावर इथे राहणारा १८ वर्षांचा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्टही चालतो. उभे राहायला मात्र इंडेफिनिट लीव्ह, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, लागते. शिवाय मतदार यादीत नाव, किंवा गेले १२ महिने गावात किंवा गावापासून ३ मैलांच्या आत राहणे, गावात मुख्य काम असणे, अशांपैकी एक अट पुरी हवी. अनामत नाही. सूचक आणि अनुमोदक असे गावचे दोन मतदार पुरतात, पण त्यांचे मतदार क्रमांक यादीशी ताडून घ्या, अर्ज बहुधा तिथेच बाद होतात. कागद पोस्टाने चालत नाहीत. मतदानाच्या आधीच्या १९ व्या कामाच्या दिवशी दुपारी ४ पर्यंत हाताने द्यायचे.

खेड्यांत उमेदवार जागांपेक्षा कमीच असतात, त्यामुळे अनेकदा मतदान होतच नाही. मध्येच जागा रिकामी झाली की सूचना लागते. कामाच्या १४ दिवसांत दहा मतदारांनी निवडणूक मागितली नाही, तर काउन्सिल स्वतःच माणूस निवडते. बहुतेक नवे सदस्य याच दाराने येतात, तेव्हा क्लार्कला आजच एक ओळीची ईमेल टाकून ठेवा. निवड झाली की २८ दिवसांत आपले आणि जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात. नोकरी, गावातले घर, जमीन, भाड्याने घेतलेला गॅरेज, सगळे त्यात येते. सबळ कारणाशिवाय ते टाळणे हा गुन्हा आहे.