शब्द बदलला की दावा बदलतो

प्रश्न : शाळकरी मुलींमधील रक्तक्षय या विषयावर मी इंग्रजीत प्रबंध लिहीत आहे. एकच शब्द वारंवार येऊ नये म्हणून मी ‘प्रीव्हॅलन्स’ऐवजी मधूनमधून ‘इन्सिडन्स’ वापरला; मार्गदर्शकांनी तो सगळीकडे खोडला. ‘सिग्निफिकंट’ही काही ठिकाणी काढला. समानार्थी शब्दांच्या कोशात तर हे पर्याय शेजारीशेजारी दिसतात. मग एवढा काटेकोरपणा कशासाठी?
— एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मार्गदर्शकांनी खोडले ते योग्यच केले. शाळेच्या निबंधात ‘पाणी’ दोनदा आले की तिसऱ्यांदा ‘जल’ लिहावे, असे आपल्याला शिकवलेले असते. प्रबंधात हीच सवय अंगाशी येते, कारण तेथे शब्द बदलला की वाचक मोजमापही बदलले असे धरून चालतो.

समजा, आपण २०० मुलींचे रक्त एकदा तपासले आणि त्यांपैकी ८४ जणींना रक्तक्षय आढळला, तर ४२ टक्के हे झाले प्रीव्हॅलन्स. उरलेल्या ११६ जणींची वर्षभराने पुन्हा तपासणी केली आणि त्यांतल्या २९ जणींना या काळात नव्याने रक्तक्षय झालेला दिसला, तर २५ टक्के हे त्या वर्षाचे इन्सिडन्स. एकाच तपासणीवर आधारलेल्या प्रबंधात दुसरा शब्द आला, तर जे मोजलेच नाही त्याचा दावा आपल्या नावावर जमा होतो. शंका आली की वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे : ‘रक्तक्षय आहे’ असे म्हणायचे असेल तर पहिला शब्द, ‘रक्तक्षय झाला’ असे म्हणायचे असेल तर दुसरा.

‘सिग्निफिकंट’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ मधील ग्रंथापासून पाच टक्क्यांची कसोटी (प्रत्यक्षात फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असावी, ही) रूढ होत गेली आणि हा शब्द संशोधनलेखनात त्या अर्थाशी बांधला गेला. नमुना मोठा असेल, तर हिमोग्लोबिनमधील ०.२ ग्रॅमची वाढही या कसोटीला उतरू शकते. पण म्हणून ती उपचाराच्या दृष्टीने मोठी ठरत नाही. तेव्हा जेथे चाचणी लावली आहे तेथेच हा शब्द ठेवावा आणि नुसते ‘बरेच’ म्हणायचे असेल तेथे ‘सब्स्टॅन्शियल’ लिहावे, किंवा त्याहून बरे म्हणजे सरळ आकडाच द्यावा.

कोशाला मात्र दोष देता येणार नाही. पीटर मार्क रॉजे यांनी (हे गृहस्थ पेशाने डॉक्टर होते) १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशात शब्द कल्पनांनुसार गटागटाने मांडले आणि त्यांच्या व्याख्या दिल्या नाहीत. विसरलेला शब्द आठवण्यासाठी असा कोश उत्तम. दोन शब्दांतला फरक त्यात शोधू नये.

आपल्या प्रबंधात आणखी एक जागा तपासून पाहावी. जेवणाबरोबर चहा घेणाऱ्या मुलींमध्ये रक्तक्षय अधिक आढळला असेल, तर एकवेळच्या पाहणीवरून ‘असोसिएशन’ (दोन गोष्टी एकत्र आढळणे) लिहिता येईल, ‘इफेक्ट’ (एकीमुळे दुसरी होणे) नाही. चहामुळे लोहाचे शोषण कमी होते हे ठाऊक असले, तरी आपल्या पाहणीने ते दाखवलेले नाही. त्याच कारणाने तेथे ‘प्रूव्ह’ न लिहिता ‘सजेस्ट’ लिहावे.

आणि कोठे ‘यूज’ खोडून ‘यूटिलाइझ’ केले असेल, तर ते खुशाल पूर्ववत करावे. तेथे बहुधा अर्थ तोच राहतो, अक्षरे तेवढी वाढतात.