मोमेंट फोर्क करायची की बदलायची?
अरे, मोमेंट ही जावास्क्रिप्टची तारखा हाताळणारी लायब्ररी फोर्क करायची, म्हणजे तिच्या कोडची प्रत घेऊन स्वतः सांभाळायची, घाई नको. तुमच्या नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांच्या अ‍ॅपमध्ये मोमेंट नेमकी कुठे लागते ते आधी शोध. छाटणीपासूनचे दिवस मोजायचे आणि तारीख मराठीत दाखवायची, एवढंच ना? मग बदलूनच टाक. २०२० मध्ये मोमेंट बनवणाऱ्यांनीच जाहीर केलंय, तिच्यात नवीन काही येणार नाही. त्याऐवजी डे-जेएस हे तारखांचंच दुसरं साधन घे, वापरायला मोमेंटसारखंच आहे. फक्त एक सांभाळ: मोमेंटमध्ये दिवस मिळवले की मूळ तारीखच बदलते, डे-जेएस नवी तारीख परत देतं. कोडमधली अशी एखादी ओळ बदलायची राहिली तर ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारणीची तारीख गुपचूप चुकेल. म्हणून आधी टेस्ट लिही.

फोर्क करायची ती दुसरा पर्याय नसेल तेव्हाच, आणि सांभाळणारी माणसं हवीत. पायथॉनची पीआयएल ही चित्रं हाताळणारी लायब्ररी थंडावल्यावर २०१० मध्ये तिची फोर्क पिलो निघाली, ती टिकली कारण लोक टिकले. फोर्क केली की सुरक्षेचे पॅच, म्हणजे त्रुटींच्या दुरुस्त्याही, मग तुम्हीच तयार करायच्या.