अमेरिका इतका अपमान करत असताना युरोपातले देश नाटोतून सरळ बाहेर का पडत नाहीत?

डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलँड बेटासाठी डेन्मार्कला धमकावलं, आयातशुल्काचा बडगा दाखवला, तरी युरोपवाले अमेरिकेला मित्रच म्हणत राहतात, यांना स्वाभिमान आहे की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी डेन्मार्कमध्ये आरहूसला राहतो, पवनचक्क्यांच्या क्षेत्रात नोकरी करतो. म्हणून डेन्मार्कचंच उदाहरण घेऊन सांगतो. नाटो या लष्करी आघाडीतला हा एक लहानसा देश, पण अमेरिकेचा सर्वांत निष्ठावान मित्र. त्यामुळे दुखणं नेमकं कुठे आहे ते इथे लवकर कळतं.

नाटोत भांडणं नवी नाहीत. 1956 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पौंडाची कोंडी करून त्यांना माघार घ्यायला लावली. 1966 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी आपल्या देशाला नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर काढलं. अमेरिकी तळ हलले आणि नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला गेलं. 1974 मध्ये सायप्रसवरून ग्रीस आणि तुर्कस्तान हे दोन सदस्य एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. 2003 च्या इराक युद्धात जर्मनी आणि फ्रान्स उघड विरोधात गेले. ही सगळी भांडणं कडू होती, पण रशियाने उद्या एखाद्या सदस्यावर हल्ला केला तर अमेरिका येणार, याबद्दल बहुतेकांना शंका नव्हती. आता शंका आहे ती तिथेच. आणि तीही साधी नाही. ज्याने रक्षण करायचं तोच सदस्य देशाच्या भूभागावर हक्क सांगू लागला तर काय करायचं, याची सोय नाटोच्या 1949 च्या करारात कुठेच नाही.

एका सदस्यावरचा हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला, असं सांगणाऱ्या ज्या कलम 5 चा एवढा उल्लेख होतो, त्याचा वापर आजवर एकदाच झाला आहे, तोही अमेरिकेसाठी. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी. डेन्मार्कची लोकसंख्या तेव्हा 55 लाखांच्या आत होती. या देशाने हेल्मंडमध्ये, म्हणजे अफगाणिस्तानातल्या सर्वांत धोकादायक प्रांतात, ब्रिटिशांच्या बरोबरीने सैनिक पाठवले आणि 40 हून जास्त जण गमावले. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर मित्रदेशांमध्ये हा आकडा फार वरचा आहे. कोपनहेगनच्या जुन्या किल्ल्यात, कास्तेलेटमध्ये, परदेशी मोहिमांवर गेलेल्यांचं स्मारक आहे. तिथे मृतांची नावं दगडात कोरलेली आहेत. 5 सप्टेंबर हा त्या सैनिकांचा दिवस. त्या दिवशी सरकारी इमारतींवर झेंडे फडकतात आणि स्मारकाजवळ घरची माणसं फुलं घेऊन येतात. जानेवारी 2026 मध्ये ट्रम्प म्हणाले की मित्रदेशांचे सैनिक अफगाणिस्तानात आघाडीपासून जरा मागेच होते. हे वाक्य इथे किती लागलं, ते दुरून कळणं अवघड आहे. शुल्क, जमीन, खनिजं यावर सौदा होऊ शकतो. पण मेलेल्या पोराच्या आईबापाला तो मागे उभा होता असं सांगणं अक्षम्य आहे, आणि हे मी पूर्ण रागाने लिहितोय.

आता ग्रीनलँड. 1917 मध्ये डेन्मार्कने कॅरिबियनमधली आपली बेटं अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. आज तीच अमेरिकी व्हर्जिन बेटं. त्या व्यवहारासोबतच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी लेखी दिलं होतं की डेन्मार्कने आपला अधिकार संपूर्ण ग्रीनलँडवर वाढवायला अमेरिकेची हरकत नाही. 1951 चा संरक्षण करार अजून लागू आहे आणि त्याखाली अमेरिकेला तिथे तळ ठेवता येतो. तो तळ म्हणजे थुले, ज्याला 2023 पासून पिटुफिक म्हणतात. शीतयुद्धात तिथे हजारो अमेरिकी होते, आज दोनशेच्या आसपास आहेत. ही कपात अमेरिकेने स्वतःच्या मर्जीने केली. उद्या पुन्हा हजारो सैनिक आणायचे म्हटले तर कोपनहेगनशी बोलून आणता येतील. म्हणूनच, सुरक्षेसाठी मालकी हवी, हे कारण मला पटत नाही.

या तळासाठी डेन्मार्कने आपल्याच माणसांशी काय केलं, हेही सांगायला हवं, त्याशिवाय निष्ठा म्हणजे काय ते समजणार नाही. 1953 मध्ये तळ वाढवायचा म्हणून तिथल्या मूळच्या इनुइट कुटुंबांना काही दिवसांत घरं सोडायला लावली आणि उत्तरेला कानाक इथे हलवलं. 1957 मध्ये डेन्मार्कने जाहीर केलं की आमच्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत. त्याच वर्षी पंतप्रधान हान्सन यांनी अमेरिकेला एक गुप्त पत्र देऊन ग्रीनलँडपुरती डोळेझाक केली. 1968 च्या जानेवारीत चार हायड्रोजन बॉम्ब असलेलं बी-52 विमान थुलेजवळच्या समुद्रावरच्या बर्फात कोसळलं आणि प्लुटोनियम पसरलं. साफसफाईला डॅनिश आणि ग्रीनलँडचे कामगारही होते. ते पत्र 1995 मध्ये उघड झालं तेव्हा इथे मोठा गदारोळ झाला. मित्रासाठी आपल्या संसदेशी आणि जनतेशी लपवाछपवी करण्यापर्यंत हा देश गेला होता.

तरी बाहेर का पडत नाहीत? कारण सुरक्षा वेगळी काढून घेता येत नाही. डेन्मार्कच्या हवाई दलाची मदार एफ-35 विमानांवर आहे: आधी 27 घेतली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये, एवढं सगळं सुरू असताना, आणखी 16 घ्यायचं ठरवलं. त्यांचे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर अमेरिकेकडून येणार. नाटोचा युरोपातला सरसेनापती पहिल्यापासून अमेरिकीच असतो. हवेत इंधन भरणारी विमानं, उपग्रहांची टेहळणी, जड सामान नेणारी वाहतूक, यातला मोठा वाटा अमेरिकेचा. अण्वस्त्रांचं छत्र तर आणखी अवघड. फ्रान्सकडे तीनशेच्या आत अण्वस्त्रं आहेत, ब्रिटनकडे त्याहून कमी, आणि ब्रिटनची ट्रायडंट क्षेपणास्त्रं अमेरिकेसोबतच्या सामायिक साठ्यातली आहेत. हे सगळं नव्याने उभं करायला वर्षं लागतील, आणि रशिया तोवर थांबून राहणार नाही. जून 2025 मध्ये डॅनिश संसदेने अमेरिकी सैनिकांना इथल्या तीन हवाई तळांवर मोकळीक देणारा करार मंजूर केला. लोक चिडले, मीही चिडलो. पण मतदान करणाऱ्यांसमोर दुसरा पर्याय काय होता, याचं उत्तर टीकाकारांकडेही नव्हतं.

गप्प बसलेत, हे मात्र खरं नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये डेन्मार्कने लांब पल्ल्याची हवाई संरक्षण यंत्रणा घेताना अमेरिकी पॅट्रियट सोडून फ्रेंच-इटालियन यंत्रणा निवडली. डिसेंबरमध्ये लष्करी गुप्तचर खात्याच्या वार्षिक अहवालात चक्क लिहिलं होतं की अमेरिका मित्रदेशांवरही आर्थिक ताकद वापरते आणि लष्करी बळाची शक्यता फेटाळत नाही. जानेवारी 2026 मध्ये डेन्मार्कच्या हाकेला सात मित्रदेशांचे सैनिक ग्रीनलँडला गेले. डेन्मार्कसह या आठ देशांवर 1 फेब्रुवारीपासून 10 टक्के शुल्काची घोषणा झाली, आणि 21 जानेवारीला दावोसमध्ये नाटोचे सरचिटणीस रुटे यांच्या भेटीनंतर ट्रम्प यांनी ती मागे घेतली. ठाम राहिलं तर माघार घेतली जाते, हा धडा युरोपने त्या आठवड्यात घेतला.

रोजच्या जगण्यातही फरक दिसतो. मी ज्या साखळी दुकानातून वाणसामान आणतो, तिथे 2025 पासून किमतीच्या पट्टीवर छोटा काळा तारा असतो, म्हणजे माल युरोपीय मालकीचा. शेजारच्या आजी चष्मा सरकवून तो तारा शोधतात, मगच बिस्किटं टोपलीत टाकतात. ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी मोठ्या प्रार्थना दिवसाची सुट्टी असायची, 1686 पासूनची. संरक्षणखर्चासाठी सरकारने 2024 पासून ती रद्द केली. आदल्या संध्याकाळी वेलची घातलेले पाव भाजून, लोणी लावून खायची पद्धत अजून आहे. पाव घरी येतात, फक्त सकाळी कामावर जायचं असतं. 1 जुलै 2025 पासून अठरा वर्षांच्या मुलींचीही सक्तीच्या लष्करी सेवेसाठी चिठ्ठी निघू शकते. माझ्या सहकाऱ्याची मुलगी त्या वयाची आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत तो आता पवनचक्कीच्या पात्यांपेक्षा या गोष्टींवर जास्त बोलतो.

एक मान्य करायलाच हवं, अमेरिकेची मूळ तक्रार खोटी नाही. शीतयुद्ध संपल्यावर युरोपने सैन्यखर्च कमी केला आणि पैसा इतरत्र वळवला. 2011 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ब्रुसेल्सला येऊन स्पष्ट इशारा दिला होता की हे असं चालणार नाही. 2014 मध्ये वेल्समध्ये ठरलं की दहा वर्षांत देशाच्या उत्पन्नाच्या 2 टक्के संरक्षणखर्च गाठायचा, आणि अनेक देश वर्षानुवर्षं तिथे पोचलेच नाहीत. आता 2035 पर्यंत 5 टक्क्यांचं लक्ष्य आहे, त्यातले साडेतीन टक्के निव्वळ लष्करासाठी. हे दहा वर्षं आधी केलं असतं तर आजची लाचारी बरीच कमी असती. पण पैसे कमी भरतोस म्हणून मित्राला टोकणं वेगळं आणि त्याच्या जमिनीवर डोळा ठेवणं वेगळं. पहिल्याचा दाखला देऊन दुसरं खपवून घेणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

नाटो कागदावर लगेच मोडेल असं मला वाटत नाही. अमेरिकेला बाहेर पडायचं असेल तर 2023 च्या कायद्यानुसार सिनेटचं दोन तृतीयांश बहुमत किंवा संसदेचा वेगळा कायदा लागतो. पण कलम 5 मध्ये प्रत्येक देशाने ‘स्वतःला आवश्यक वाटेल ती’ कारवाई करायची एवढंच लिहिलंय. वॉशिंग्टनला फार काही आवश्यक वाटणार नाही, असं मॉस्कोला वाटू लागलं, तर करार शाबूत असून उपयोग नाही. युरोपची सध्याची धडपड ही शंका झाकायला आहे. जर्मनी रशियाला लागून असलेल्या लिथुआनियात सुमारे पाच हजार सैनिकांची ब्रिगेड कायमची ठेवतोय. ती 2027 पर्यंत पूर्ण व्हायची आहे. तुम्हाला खरंच पुढे काय होतंय ते पाहायचं असेल, तर परिषदांमधल्या हस्तांदोलनांकडे कमी आणि ती ब्रिगेड ठरलेल्या वेळेत, पूर्ण संख्येने आणि आपल्या दारूगोळ्यासकट उभी राहते का याकडे जास्त लक्ष ठेवा.