पडलेला नोड उठवताना
हे बघ बाबा, लातूरच्या आडतीत सोयाबीनचे सौदे चालू असताना तीनपैकी एक गॅलेरा नोड (एकच डेटाबेस सारखा ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी एक) पडला, तर घाबरून तिन्ही रिस्टार्ट करू नकोस. उरलेल्या दोघांचं बहुमत असतं, काम चालू राहतं. आधी एचएप्रॉक्सीत, म्हणजे कनेक्शन्स नोड्सवर वाटून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, तो नोड मेंटेनन्सला टाक, मगच सुरू कर. बंद असताना हुकलेली ट्रान्झॅक्शन्स डोनरच्या (त्याला डेटा पुरवणाऱ्या चालू नोडच्या) जीकॅशमध्ये, म्हणजे अलीकडचे बदल साठवणाऱ्या फाइलमध्ये, शिल्लक असली तर तेवढीच येतात. नाहीतर अख्खा डेटा ओढावा लागतो. डिफॉल्ट जीकॅश 128 एमबीच असतो, आजच वाढवून ठेव. पूर्ण प्रतीसाठी आरसिंक ही फाइल-कॉपीची पद्धत नको, त्यात डोनरवरचं लिहिणं अडतं; मारियाबॅकअप हे बॅकअपचं साधन वापर. स्टेटस ‘सिंक्ड’ दिसेपर्यंत एकही कनेक्शन तिकडं सोडू नकोस. मी एकदा घाई केली, तर शेतकरी हिशोबपट्टीसाठी ताटकळत उभे राहिले; ते अजून डाचतं.