सूर थांबवायचा कसा?

बेस गिटार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं वय ४३. दोन वर्षं बेस वाजवतोय. रोज रात्री तासभर मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) स्केल्स करतो, वेग मिनिटाला ७० ठोक्यांवरून १२० वर नेला. पण मित्रांबरोबर वाजवायला बसलो की ड्रमर एकच म्हणतो, ‘चिखल होतोय.’ तालात मी चुकत नाही, हे त्यालाही मान्य आहे. मग वेग आणखी वाढवू का?

उत्तर : नका वाढवू. १२० वरचा चिखल १४० वर नेलात तर तो फक्त जास्त लांब उडेल.

तुमच्या ड्रमरचा शब्द नेमका आहे. मला तो कुणी वेळेवर ऐकवला असता तर चार वर्षं वाचली असती. मी छत्तिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून बेस हातात घेतला आणि तुमच्यासारखीच वेगामागे लागले. एकदा आमच्या चौघांच्या तालमीत फोन खुर्चीवर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. घरी हेडफोन लावून ऐकलं आणि कान लाल झाले. माझा प्रत्येक सूर वेळेवर येत होता, पण आलेला जात नव्हता. पुढचा आत शिरला तरी आधीचा पाहुणा दारात उभा, एक चप्पल घालून गप्पा मारतोय. रेकॉर्ड करण्यापूर्वी हे मला कधीच ऐकू आलं नव्हतं, कारण वाजवताना माझं सगळं लक्ष पुढच्या सुराकडे असायचं.

दोष निम्मा वाद्याचा आहे. बेसची तार जाड आणि लांब, नटपासून (गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (दुसऱ्या टोकाला तारा टेकतात तो भाग) साधारण ३४ इंच. तारा चार, जाडीच्या क्रमाने ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते. छेडली की बराच वेळ बोलत राहते, आणि न छेडलेल्या शेजारणीही गुणगुणायला लागतात. वरच्या पट्टीत दोन सूर एकमेकांत मिसळले तर गोड लागू शकतात. इतक्या खाली मात्र नुसती गुरगुर होते. म्हणून बेसवाल्याचा अर्धा रियाज तार थांबवण्याचा असायला हवा. तो सहसा कुणी करत नाही, कारण तो करताना आपण काही वाजवतोय असं वाटतच नाही.

मेट्रोनोम ६० वर लावा. ए तारेचा तिसरा फ्रेट (गळ्यावरची धातूची आडवी पट्टी), म्हणजे सी हा सूर. पहिल्या मात्रेला छेडा आणि दुसरीची टिक पडेल त्याच क्षणी आवाज बंद करा. तिसरी, चौथी रिकामी. आठ-दहा वेळा स्वच्छ जमलं की सूर दोन मात्रा धरा आणि तिसऱ्या टिकेला तोडा. मग तीन मात्रा. तोडताना डावं बोट तारेवरून उचलू नका, फक्त दाब सोडा. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट हलकं टेकलेलं राहिलं तर हार्मोनिकची, म्हणजे उपसुराची शिट्टी वाजते. तिथे शेजारचं बोटही सोबत टेकवा. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालचा, आवाज टिपणारा भाग) कायमचा ठाण मांडून बसू देऊ नका. ए तारेवर गेलात की अंगठा ई वर, डी वर गेलात की तो ई आणि ए दोन्हींवर आडवा. जाड तारा त्याने गप्प ठेवायच्या, बारीक तारांची जबाबदारी डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांची.

रोज १५ मिनिटं पुरेत. त्यापुढे मला तरी कंटाळा येतो, आणि कंटाळलेला हात खोटं बोलतो.

हे बसलं की मेट्रोनोम ४० वर आणा, आणि त्याची टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेची समजा. गाण्याची लय होते ८०. पहिली मात्रा आता तुमची तुम्ही सांभाळायची. पहिल्या रात्री मी तिसऱ्याच बारला (चार मात्रांच्या आवर्तनाला) सम हरवून बसले आणि मेट्रोनोम बिघडलाय असं ठरवून झोपले. तो बिघडला नव्हता. मग ड्रमरबरोबर एक साधी लाइन घ्या. सूर किक ड्रमबरोबर (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) सुरू करा आणि स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) पडताना तोडा. स्नेअर मोकळा वाजला की ड्रमरचा चेहरा बदलतो, ते पाहण्यासारखं असतं.

सूर लवकर विझवण्याची काळजी मोठमोठ्यांनीही घेतली आहे. १९६० च्या दशकात मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने तार छेडत. दोन बोटांनी वेग वाढतो म्हणून झुरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्यांच्या बेसवर फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेटोळ्यांच्या) तारा आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोम असे. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या कॅरल के मूळच्या गिटारवादक. त्या पिकने (बोटांत धरायच्या छोट्या पातीने) वाजवत आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा लावत. तुम्हीही स्पंजची पातळ पट्टी ब्रिजलगत तारांखाली सरकवून आठवडाभर वाजवा. सूर सुटसुटीत वाजला की गाणं कसं ऐकू येतं ते कानाला कळेल. मग पट्टी काढा आणि तेच काम हातांनी करा.

प्रश्न : घरातले झोपल्यावरच मला वेळ मिळतो, म्हणून अॅम्पशिवाय (अॅम्प्लिफायरशिवाय) वाजवते. सरावाला एवढं पुरतं ना?

उत्तर : सुरांच्या जागा शोधायला पुरतं. स्पर्शाला नाही. अॅम्प नसला की ऐकू यावं म्हणून आपण तार ओरबाडतो, आणि तीच सवय अॅम्प लावल्यावर खडखडाट करते. शिवाय मागे रेंगाळणारे सूर अॅम्पशिवाय कळतच नाहीत. हेडफोनचा छोटा अॅम्प घ्या, आवाज शून्यावर ठेवून जोडा आणि मग हळूहळू वाढवा. फोनच्या स्पीकरवर मात्र विसंबू नका. ४१ हर्ट्झ त्याच्या आवाक्यात नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे उपसूर, खालचा सूर मेंदू स्वतःच भरून घेतो.

प्रश्न : टॅब (कुठल्या तारेचा कितवा फ्रेट ते आकड्यांत लिहिलेलं) पाहून १४ गाणी येतात. पण तालमीत कुणी ‘सी धर’ म्हणालं की माझा हात गोठतो.

उत्तर : कारण तुम्हाला फ्रेटचे आकडे येतात, सूर येत नाहीत. रोज एकच सूर घ्या आणि चारही तारांवर शोधा. सी म्हणजे ई तारेचा आठवा फ्रेट, ए चा तिसरा, डी चा दहावा, जी चा पाचवा. शोधताना नाव मोठ्याने म्हणा, घरच्यांना सवय होते. मग एवढंच लक्षात ठेवा की कुठल्याही सुरापासून पुढच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे त्याचा पंचम असतो, आणि एक तार सोडून दोन फ्रेट पुढे वरच्या सप्तकातला तोच सूर. एवढ्या तीन जागांवर गाणी निभावतात. मी दोन वर्षं निभावली आहेत.

प्रश्न : नटजवळच्या खालच्या फ्रेट्सवर चार फ्रेटना चार बोटं ताणली की डावं मनगट दुखतं. सवयीने जाईल का?

उत्तर : सवयीने दुखणं वाढेल. तिथे फ्रेट्समधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. डबल बासवाल्यांसारखं पहिलं, दुसरं आणि चौथं बोटच वापरा, तिसरं नुसतं करंगळीला टेकू. सातव्या फ्रेटच्या वर चार बोटं खुशाल पसरा. पट्टा इतका लांब ठेवा की बसून आणि उभं राहून बेस एकाच उंचीवर येईल, आणि मनगट सरळ राहतंय का ते आरशात पाहा. दुखलं की त्या दिवसापुरता बेस खाली ठेवा. बोटांना मुंग्या येत असतील तर मला नाही, डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : तारा किती महिन्यांनी बदलायच्या?

उत्तर : महिने मोजू नका. बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेशी जुळेनासा झाला, आणि ब्रिजचं सॅडल (तार टेकते तो सरकणारा भाग) पुढेमागे करूनही जुळला नाही, की बदला. तोवर फडक्याने पुसा. जेमर्सन तर तुटल्याशिवाय बदलत नसत म्हणतात. माझ्या ताराही जुन्याच आहेत, पण त्याला कारण आळस.